एकाच पातेल्यातली कॉफी

दिवाळीच्या फराळाला घरी मंडळी बोलवायची म्हटली की पूर्वी लाडू किती वळायचे आणि चिवडा किती किलोंचा करायचा, एवढाच हिशेब असे. हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: प्यायला काय द्यायचे? चहा द्यावा तर तो रोजचाच. सरबत द्यावे तर कार्तिकाच्या तोंडाशी संध्याकाळी अंगावर शहारा येऊ लागलेला असतो. बाटलीतली रंगीत पेये मुले आनंदाने पितात, पण अनारशावर ती गोडमिट्ट लागतात. मद्य ठेवावे तर निम्मे पाहुणे संकोचतात आणि न ठेवावे तर उरलेले निम्मे हळूच घड्याळाकडे पाहतात.

याचा परिणाम असा होतो की एका घरात तीन सभा भरतात. पेलेवाल्यांची गच्चीत, बशीवाल्यांची दिवाणखान्यात आणि तिसरी स्वयंपाकघरात. या तिसऱ्या सभेत ज्यांनी हा सारा घाट घातला त्या घरच्या बायका असतात आणि त्यांच्यापर्यंत बाहेरचे हसणे तेवढे पोहोचते. वर्षातून एकदा जमायचे आणि तेही तीन ठिकाणी, ही काही शहाणपणाची रीत नव्हे. यावर माझ्याजवळ एक साधा उपाय आहे. तो एका पातेल्यात मावतो.

त्याला काय म्हणावे? तरुण मंडळी 'कॉफीचे कॉकटेल' म्हणतील. माझा धंदा मराठी शिकवण्याचा, म्हणून मी 'पंच' म्हणेन, आणि हा शब्द साहेबाकडून उसना घेतला असे कोणी समजू नये. इंग्रजांच्या मेजवानीतला 'पंच' हा आपल्या 'पाच' या शब्दावरून निघाला, अशी व्युत्पत्ती १८८६ साली निघालेल्या 'हॉबसन-जॉबसन' या प्रसिद्ध कोशात दिलेली आहे. अरक, पाणी, लिंबू, साखर आणि मसाला अशा पाच जिनसा त्यात पडत. पुढे काही विद्वानांनी या व्युत्पत्तीवर शंका घेतली; विद्वानांचे ते कामच आहे. आपण पाच हा आकडा तेवढा घेऊ. अरकाच्या जागी कॉफी आणि लिंबाच्या जागी संत्रे घालू. पाणी, साखर आणि मसाला आहेत तेच राहू देत.

मसाल्याची कॉफी आपल्याला नवी नाही. जायफळ-वेलदोड्याची दुधाळ कॉफी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पण एवढ्या मंडळींसाठी ती करायची तर दूध उतू जाऊ नये म्हणून एक माणूस शेगडीपाशी अडकतो, आणि फराळाच्या तुपावर ती जडही पडते. माझा पंच बिनदुधाचा आहे. त्याचे मूळ शोधायला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरी जावे लागते. तेथे 'काफे ब्रुलो' नावाचे एक पेय सणासुदीला करतात. पसरट भांड्यात ब्रँडी, साखर, दालचिनी, लवंगा आणि संत्र्या-लिंबाची साल घालून ती पेटवतात. निळी ज्योत नाचू लागली की दिवे मालवतात आणि वरून कडक काळी कॉफी ओततात. १८४० साली निघालेल्या 'आंत्वान' या तिथल्या उपाहारगृहाशी या पेयाचे नाव जोडलेले आहे. त्याची खरी खुबी मला ब्रँडीत दिसत नाही. ती संत्र्याच्या सालीत आणि करपू घातलेल्या साखरेत आहे, आणि या दोन्ही गोष्टी बाटलीवाचून साधतात.

बारा माणसांचे प्रमाण सांगतो. पाणी पावणेदोन लिटर, साखर १२५ ग्रॅम, कॉफीची जाडसर पूड ८० ग्रॅम, वेलदोडे सहा, लवंगा चार, दालचिनीचा दोन बोटे लांब तुकडा, दोन संत्र्यांची साल आणि एक अख्खे जायफळ. अख्खे जायफळ आणायचे ते किसायला सोपे जावे म्हणून; ते सगळे वापरायचे नाही, याविषयी पुढे बोलू. कॉफीच्या पुडीत चिकोरी किती आहे हे पुडक्यावर वाचून घ्यावे. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. याचा अर्थ उरलेले ४९ टक्के चिकोरी असू शकते. चिकोरीने रंग गडद होतो आणि दाटपणा येतो, पण कॉफीचा वास चिकोरीला नाही. एरवी ती चालेल. या दिवशी निव्वळ कॉफी आणावी. झटपट विरघळणारी पूड घेऊ नये.

जाड बुडाच्या पातेल्यात साखर कोरडीच घालून मंद आचेवर ठेवावी. ती कडेने विरघळू लागेल. ढवळण्याची घाई न करता पातेले नुसते हलवावे. बदामी रंग आला की लगेच गरम पाणी घालावे, पण लांब उभे राहून आणि थोडे थोडे, कारण ते जोराने उसळते व त्याची वाफ हात भाजते. हे काम करताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. साखरेचा एकदम दगड होईल. घाबरू नये, दोन मिनिटांत तो विरघळतो. मग सगळे पाणी, ठेचलेले वेलदोडे, लवंगा आणि दालचिनी घालून झाकण ठेवावे व दहा मिनिटे उकळू द्यावे.

आता संत्री. आंबिया बहाराची नागपुरी संत्री याच सुमारास बाजारात येऊ लागतात. ती कोमट पाण्याने चोळून धुवावीत आणि सालीचा फक्त वरचा नारिंगी पापुद्रा सुरीने काढावा. खालचा पांढरा भाग कडू असतो. सारा सुगंध त्या वरच्या थरातल्या तेलात आहे. साल हातात वाकवली की जे बारीक तुषार उडतात, तेच हे तेल. ते आचेवर लवकर उडून जाते, म्हणून साल शेवटच्या दोन मिनिटांतच घालावी. संत्र्याचा रस मात्र पातेल्यात घालू नये. मागाहून कोणी आपल्या कपात दूध घेतले तर सालीने ते नासत नाही, रसाने नासते.

मुलांचा आणि रात्री झोप न येणाऱ्यांचा वाटा या टप्प्यावरच वेगळा काढून ठेवावा. हा नुसता मसाल्याचा काढा गरम दुधात फार छान लागतो, आणि त्या मंडळींना 'तुम्हाला नाही हं' असे ऐकावे लागत नाही. मग पातेले खाली उतरवावे, उकळी शांत होऊ द्यावी, आणि तेव्हाच कॉफीची पूड घालून एकदा ढवळून झाकावे. पाच मिनिटे पुरेत. कॉफी चहासारखी उकळत ठेवली की वास घरभर जातो आणि कडवटपणा तेवढा कपात उरतो. पातळ धुतलेल्या फडक्यातून गाळून ती पुन्हा त्याच पातेल्यात ओतावी आणि पातेले उचलून थेट दिवाणखान्यात आणावे.

जायफळ तिथे, सर्वांच्या देखत किसायचे. जायफळाचा इतिहास मोठा रक्ताळलेला आहे. एके काळी ते जगात फक्त बांदा नावाच्या इवल्याशा बेटांवर पिके. १६२१ साली डचांनी ती बेटे जिंकली तेव्हा तिथल्या रहिवाशांची भयंकर कत्तल झाली. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांतले रन हे बेट डचांकडे राहिले आणि अमेरिकेतले मॅनहॅटन इंग्रजांकडे. आता हेच झाड आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत वाढते आणि त्याच्या एका फळातून जायफळ व जायपत्री अशा दोन जिनसा निघतात. एवढ्या पातेल्याला पाव चमचा कीस पुरे, त्याहून जास्त नको. जायफळाने गुंगी येते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते आणि बाळाच्या गुटीत त्या ते मोजून उगाळत. फार पोटात गेले तर छातीत धडधड, ओकारी आणि भ्रम होतो. हे औषधशास्त्रही सांगते. कॉफी जागे ठेवणारी आणि जायफळ पेंगवणारे. दोघांना एका पातेल्यात नांदवायचे तर प्रमाण राखलेच पाहिजे.

आता मी ब्रँडी का गाळली ते सांगतो. ती नीतीच्या धाकाने गाळलेली नाही. माझ्या एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी मद्य सोडले. ते सोडताना त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे काय हाल झाले ते आम्ही जवळून पाहिले आहे. एकदा मी त्यांना म्हटले, "समारंभात सगळे पीत असताना आवरायला जड जात असेल तुम्हाला." ते म्हणाले, "न पिणं जमतं हो आता. पण दर वेळी कोणी ना कोणी मोठ्यानं विचारतं, 'का हो, तुम्ही नाही घेत?' त्याला काय सांगू? सोळा माणसांत उभा राहून माझी कुंडली मांडू?" अलीकडे ते दिवाळीला कोणाकडे जात नाहीत. पायाचे दुखणे सांगतात.

त्यांच्या पायाला काहीही झालेले नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून या पातेल्याचा एकच नियम मी कडक ठेवला आहे: त्यात कोणीही काहीही ओतायचे नाही. 'चमचाभर रमने काय होते', 'पेटवली की ती उडूनच जाते' असे सांगणारे भेटतील. ती सगळी उडत नाही. ज्योत विझल्यावरही बराच मद्यार्क भांड्यात उरतो. ज्या माणसाने मोठ्या कष्टाने स्वतःला सावरले आहे, त्याला पातेल्यावर डोळे मिटून विश्वास टाकता आला पाहिजे. ज्याला हवे असेल त्याने घरी जाऊन आपल्या पेल्यात हवे ते घ्यावे. आणि जे बाहेरून घेऊनच आले असतील त्यांनी कॉफीवर भलता भरवसा ठेवू नये. कॉफीने झोप उडते, नशा उतरत नाही. अशा पाहुण्याला दुसऱ्या कोणी तरी गाडीतून घरी पोहोचवावे.

घोटभर पेयासाठी एवढा खल कशाला, असे कोणास वाटेल. पण कोणी कोणाबरोबर काय प्यावे, यावरून आपल्या समाजात मोठाली वादळे झाली आहेत. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुण्यात दोन वर्षे ग्रामण्य गाजले. कोणी चहा प्यायला, कोणी कपाला नुसता हात लावला, याचीही चौकशी झाली. अखेर १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोषही पत्करला. ही तर शिकल्यासवरल्यांची गोष्ट. ज्यांना चहाच्या दुकानात आत बसू दिले जात नसे आणि ज्यांची कपबशी दाराबाहेर वेगळी टांगलेली असे, त्यांची प्रकरणे कोणी छापलीही नाहीत. संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नाहीशी केली, तरी वेगळ्या कपाची ती खोड घरांतून सहजासहजी गेली नाही. कामाला येणाऱ्या बाईंचा कप फळीवर कोठे ठेवलेला असतो, ते ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

म्हणून दिवाणखान्यात पातेले आणले की मी कप सगळे एकसारखे मांडतो. बारा एकसारखे नसतील तर बारा बारा तऱ्हेचे चालतील. अकरा एकसारखे आणि एक वेगळा, असे मात्र नको. ओतण्याचे काम यजमानाने करावे. त्याच्या हाती पळी दिली की घरच्या बाईंना चार माणसांत बसून निवांत कप हाती धरता येतो. पहिला कप त्यांनाच द्यावा. दुधाचा गरम तांब्या बाजूला असावा, साखर ज्याची त्याने वाढवावी. कॉफी थंड होऊ लागली तर मंद आचेवर नुसती कोमटावावी, उकळू नये. आणि दुसऱ्या सकाळपर्यंत काही उरलीच, तर फ्रिजमध्ये ठेवून दुपारी गार प्यावी. तीही वाईट लागत नाही.

माझ्या स्नेह्यांना मी या वर्षी चिठ्ठी पाठवली आहे. पातेल्यात काय काय पडणार आहे, ती पाच जिनसांची यादी तिच्यात लिहिली आहे आणि खाली एवढेच म्हटले आहे की पायाचे दुखणे बरे असेल तर भाऊबिजेच्या संध्याकाळी यावे. वाचकांपैकी ज्यांच्या ओळखीत असा कोणी पाय दुखणारा माणूस असेल, त्यांनीही पाडव्याच्या आत त्याला चिठ्ठी धाडावी. कॉफी करायला अर्धा तास पुरतो.