न्यूयॉर्कला जाल तर ११६ व्या रस्त्यावर उतरा



आपल्या जिल्ह्यातून माणसे बाहेर पडत ती ऊसतोडीला, नाहीतर मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत. आता आपल्या वस्त्यांतली काही मुले-मुली शिकून थेट अमेरिकेत नोकरीला लागली आहेत आणि त्यांचे आईवडील महिना-दोन महिने तिकडे जाऊन येत आहेत. गेल्या वर्षी असेच एक निवृत्त एस.टी. कर्मचारी न्यूयॉर्कहून परतले. विहारात त्यांचा सत्कार झाला, मोबाईलमधले फोटो सर्वांनी पाहिले. नायगारा धबधबा, टाइम्स स्क्वेअरचे दिवे, समुद्रकिनारा. एका शाळकरी मुलीने विचारले, "काका, बाबासाहेबांचं कॉलेज कुठाय यात?" काका म्हणाले, "तिकडं नेलंच नाही गं कुणी."

यात त्यांचा दोष नाही. सहलीच्या बसगाड्या तिकडे थांबत नाहीत आणि मुलांना सुट्टी दोन दिवसांची. म्हणून जे जाणार आहेत त्यांच्यासाठी आजचा हा मजकूर.

न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेची १ नंबरची गाडी धरावी आणि ११६ व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरावे. वर आले की समोर कोलंबिया विद्यापीठ. जुलै १९१३ मध्ये २२ वर्षांचे भीमराव इथे पोहोचले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील सुभेदार रामजी वारले होते. रमाई मुंबईत होत्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या पैशांतून घरीही पाठवायचे आणि स्वतःचेही भागवायचे.

आवारात मधोमध घुमटाची इमारत आणि पुढे रुंद पायऱ्या दिसतील. ती लो लायब्ररी. आज तिथे विद्यापीठाची कचेरी आहे, पण बाबासाहेबांच्या वेळी विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय तेच होते. समोरचे मोठे बटलर ग्रंथालय १९३४ चे, म्हणजे नंतरचे. ते जिथे राहिले त्या लिव्हिंग्स्टन हॉलचे नाव आता वॉलॅक हॉल आहे. तिथे नवल भथेना हे पारशी मित्र त्यांच्यासोबत होते आणि ही मैत्री जन्मभर टिकली. लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. तो १९९५ साली इंग्लंडमधल्या आपल्याच आंबेडकरी-बौद्ध संघटनांनी भेट दिला. एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. २०२४ पासून आवारात बाहेरच्या माणसाला सहज सोडत नाहीत. तिथे शिकणाऱ्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याकडून आधी नाव नोंदवून घ्यावे.

१९१५ साली एम.ए. साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन भारताच्या व्यापारावर. आपण धाराशिवकरांनी इथे थोडे थांबावे. त्या व्यापारातले एक मोठे शहर म्हणजे आपले तेर, जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेतल्या एका प्रवासवर्णनात तगरचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जात असे, असे नमूद आहे. तेरला बौद्ध स्तूपाचे अवशेषही सापडले आहेत. तेरचे लामतुरे संग्रहालय न बघता न्यूयॉर्कचे संग्रहालय बघायला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत, असो.

पुढच्या वर्षी, ९ मे १९१६ रोजी, याच विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत तरटावर वेगळे बसवले, तो परदेशी प्राध्यापकासमोर जात कशी घडली हे उलगडून सांगत होता!

विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. तिथे १३५ व्या रस्त्यावर शॉम्बर्ग केंद्र आहे, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे ग्रंथालय. आत जायला पैसे पडत नाहीत. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले.

स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जरूर बघावा. १८८६ सालचा आहे. तिच्या हातातली मशाल सर्वांना दिसते, पण पायाशी तुटलेल्या बेड्या आहेत त्या फोटोत येत नाहीत. बेटावर जाणाऱ्या बोटीला तिकीट आहे, पण स्टॅटन आयलंडची फेरीबोट फुकट असते आणि तिच्यातून पुतळा चांगला दिसतो. नायगारा याच राज्यात असला तरी शहरापासून सहाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. दोनच दिवस हाताशी असतील तर आमचे मत विचाराल, तर विद्यापीठ आधी.

आता एक नाजूक गोष्ट. काही घरांतून ऐकू येते की मुलगा तिकडे बाबासाहेबांचा फोटो बैठकीत लावत नाही, आत ठेवतो. ऑफिसातले इतर भारतीय घरी येतात, आडनाव विचारतात, गाव विचारतात. आईवडिलांनाही बजावलेले असते की बाहेर जयभीम म्हणू नका. त्या मुलांना भित्रे म्हणणे सोपे आहे. त्यांचा तिथला मुक्कामच नोकरीवर अवलंबून असतो आणि वरचा साहेब बऱ्याचदा इकडचाच असतो. जातिभेद तिकडेही पोहोचला म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. तेव्हा मुलांवर रागावू नका. पण निदान एका रविवारी मुलाला, सुनेला, नातवंडांना घेऊन त्या पायऱ्यांवर जा. आजोबा-आजींनीच नातवाला सांगावे की इथे कोण शिकले. इंग्रजी यायची गरज नाही, मराठीतच सांगा.

शेवटी पैशाचे. या प्रवासासाठी पतसंस्थेचे कर्ज काढू नका, भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नका. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. मुलाने तिकीट काढले तरच जा. येताना चॉकलेटे कमी आणा आणि विद्यापीठासमोरच्या पायऱ्यांवरचा एक फोटो मोठा करून विहाराला द्या. तिथे अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांसमोर तो लावता येईल.