मागून जोर लावणारा नट

आज ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला, म्हणून हा दिवस पाळायचा. गावोगावी नटराजाच्या मूर्तीला हार घातला जाईल, नांदी म्हटली जाईल, बालगंधर्वांचे नाव निघेल, केशवराव भोसल्यांचे निघेल. ती नावे निघालीच पाहिजेत. पण दुसरे एक केशवराव आहेत, त्यांचे नाव अशा सभांत क्वचितच ऐकू येते. आजचा अग्रलेख त्यांच्यासाठी, केशवराव दात्यांसाठी.

इगतपुरीच्या माणसाला दात्यांची थोरवी समजावणे इतर गावांच्या मानाने सोपे आहे. कसाऱ्याहून वर येणारी गाडी पुढच्या एका इंजिनाच्या बळावर घाट चढत नाही. दर ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला बँकर नावाचे जादा इंजिन जोडतात, ते मागून रेटत इगतपुरीपर्यंत येते आणि इथे सुटे होते. प्रवाशांना त्याचा नंबरही ठाऊक नसतो. नाटकात आणि सिनेमात चरित्र अभिनेता हेच काम करतो. नायक पुढे असतो, जाहिरातीत त्याचे नाव मोठे असते. चढावर गोष्ट मागे घसरू न देणारा माणूस वेगळा असतो.

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि नाशिक, खानदेश, वऱ्हाडचे दौरे नाटक मंडळ्यांच्या आवाक्यात आले. पडदे, पेट्या, स्वयंपाकाची भांडी, आचारी आणि पोरेटोरे असे सगळे बिऱ्हाड घेऊन कंपन्या मुक्कामामागून मुक्काम करत हिंडत. त्या जगात १९०७ साली केशवराव दाते शिरले. १८८९ चा त्यांचा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातला. ते गेले महाराष्ट्र नाटक मंडळीत. ही मंडळी गद्य नाटकांची. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हिनेच रंगमंचावर आणले आणि त्यातल्या कीचकाच्या आडून आपल्यावरच टीका आहे हे इंग्रज सरकारला समजल्यावर १९१० मध्ये ते बंद पाडले गेले. गडकऱ्यांचे ‘प्रेमसंन्यास’ही याच मंडळीचे.

गद्य नट असणे त्या काळात किती अवघड होते, याची आज कल्पना येत नाही. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ. एखादी जागा घेतली की पिटातून ‘वन्स मोअर’ येई आणि कथानक तिथेच थांबे. गळा नसलेल्या नटाच्या हातात काय उरे? नाटककाराचे पल्लेदार वाक्य आणि ते ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा आवाज. केशवरावांनी सुरुवातीला स्त्रीभूमिका केल्या, मग पुरुषभूमिका. पंचवीसएक वर्षे त्यांची वाणी या शाळेत घासली गेली. पुढे १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ केले. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर वर्तकांनी रचलेले हे नाटक, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या आणि बोलणे घरात बोलतात तसे. या नव्या प्रयोगातही केशवराव दाते होते. जुन्या शाळेत वाढलेला नट चाळिशी ओलांडल्यावर आपलीच सवय मोडायला तयार होतो, ही त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

बोलपट नुकताच आला होता. १९३२ मध्ये ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. तिकडे अमेरिकेतही १९२७ नंतर हेच घडले होते. चित्रपट बोलू लागताच हॉलिवूडला शब्द उच्चारता येणारी माणसे हवी झाली आणि न्यूयॉर्कच्या रंगमंचावरचे नट गाड्या भरून पश्चिमेला निघाले. त्यांतले बहुतेक नायक झाले नाहीत. ते म्हातारे बाप, न्यायाधीश, सावकार, डॉक्टर झाले आणि त्यांच्याच आधारावर तिथला बोलपट उभा राहिला. अशा सहायक भूमिकांना ऑस्कर द्यायला सुरुवात झाली ती १९३७ च्या समारंभात. पहिला मान वॉल्टर ब्रेनन यांना मिळाला. पण नायकाला पुतळा आणि सहायकाला नुसता फलक, असा भेद तिथेही पुढची काही वर्षे होता.

त्याच १९३७ साली पुण्यात ‘प्रभात’ने ‘कुंकू’ केला. दिग्दर्शक शांताराम, कथा नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. नीरा या कोवळ्या मुलीचे लग्न तिचा मामा फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी लावून देतो. ती ते लग्न मानतच नाही. नीरा झाली शांता आपटे, वकील काकासाहेब झाले केशवराव दाते.

या भूमिकेचे मोल समजायला ‘शारदा’ आठवावी लागते. देवलांनी १८९९ मध्ये जरठ-कुमारी विवाहावर ते नाटक लिहिले आणि भुजंगनाथाला महाराष्ट्राच्या हसण्याचा विषय केले. सुधारणेला त्या हशाची फार मदत झाली. पण हसण्यात एक सोय असते. भुजंगनाथाला हसणारा प्रेक्षक स्वतःला त्याच्यापासून वेगळा समजतो. काकासाहेबांना कोणी हसू शकत नाही. ते शिकलेले आहेत, सभ्य आहेत, घरात त्यांना मान आहे. असा माणूस आपल्या ओळखीत, आपल्या वाड्यात, कदाचित आपल्याच घरात असतो. केशवरावांनी त्याचे वय लपवण्याचे केविलवाणे प्रयत्न दाखवले, हट्ट दाखवला, नवरेपणाचा अधिकार दाखवला. मग पायरीपायरीने त्याला स्वतःचा अपराध कळत जातो, तेही दाखवले. भिंतीवरचे जुने घड्याळ बंद पडते आणि काकासाहेब ते पुन्हा चालू करू पाहतात. त्या साध्या हालचालीत त्यांनी जे भरले आहे, ते भाषणांनी झाले नसते. ‘कुंकू’त पार्श्वसंगीताचा आधार नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. संगीतकार केशवराव भोळ्यांचे हे धाडस (हे तिसरे केशवराव). अशा उघड्या शांततेत नटाचा खोटा स्वर लगेच पकडला जातो. दात्यांचा एकही स्वर खोटा नाही.

शेवटी काकासाहेब नीरेला मोकळी करतात, स्वतःचे आयुष्य संपवून. आजच्या वाचकाला हा शेवट पटणार नाही, मलाही पूर्ण पटत नाही. तिच्या सुटकेसाठी त्याच्या मरणाची वाट का पाहावी? पण अन्याय करणाऱ्या माणसाला राक्षस न करता, आणि त्याचा अन्याय कणभरही माफ न करता उभे करणे ही फार दुर्मीळ कला आहे. ती केशवरावांकडे होती.

त्यांच्या वाट्याला मोठी कीर्ती का आली नाही याचे एक कारण भाषेतही आहे. ‘प्रभात’ एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत करीत असे. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये मराठीतला राजगुरू केशवरावांचा. हिंदीत तो चंद्रमोहन यांनी केला आणि देशाच्या लक्षात त्यांचे डोळे राहिले. १९४१ च्या ‘शेजारी’त जीवबा पाटील केशवराव आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले, केशवरावांची जागा मझहर खान यांनी घेतली. धरणाच्या कंत्राटदाराने फोडलेले दोन म्हातारे शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान, धरण फुटताना हातात हात घालून जातात. हा चित्रपट फाळणीच्या सहा वर्षे आधीचा आहे. ‘कुंकू’ची हिंदी आवृत्ती ‘दुनिया ना माने’ मात्र त्यांच्याकडे राहिली. नंतर शांतारामांच्या ‘राजकमल’ या चित्रसंस्थेत १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’त ते नृत्याचे कठोर गुरू मंगल महाराज झाले. तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. १९७१ मध्ये ते वारले.

आपल्या नाशिक जिल्ह्याने हा विषय मनावर घ्यावा याला कारण आहे. शेजारच्या त्र्यंबकला दादासाहेब फाळके जन्मले. त्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये नाटकातून आलेल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या आणि भारतीय पडद्यावर पहिल्यांदा स्त्रिया दिसल्या. नाटकातले माणूस पडद्यावर नेण्याची वाट इथूनच सुरू झाली. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत आजही बोहाड्याची सोंगे निघतात. मुखवट्यामागच्या माणसाचे नाव कोणी विचारत नाही, तरी तो रात्रभर नाचतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर दरवर्षी नोकरी सांभाळून तालमी करणारी मुले-मुली येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला बापाची, शेजाऱ्याची, डॉक्टरची भूमिका येते आणि घरी विचारतात, तुझे काम एवढेच का? त्यांना दाखवायला आपल्याकडे केशवराव दाते आहेत.

म्हणून इगतपुरीतल्या शाळा-महाविद्यालयांना आणि हौशी नाट्यमंडळांना आमची विनंती आहे. यंदाच्या रंगभूमी दिनाच्या आठवड्यात हार-तुऱ्यांच्या कार्यक्रमाबरोबर ‘कुंकू’ दाखवा. अडीच तासांहून थोडा मोठा चित्रपट आहे आणि आज तो सहज मिळतो. दहावी-अकरावीच्या मुलामुलींना आवर्जून बसवा, कारण नीरेचा प्रश्न त्यांच्या वयाचा आहे. आणि चित्रपट संपल्यावर काकासाहेब कोणी केले, ते नाव मोठ्याने सांगा.