गुप्त ठेवल्यानें रोग जातो काय ?

शाळेच्या वार्षिक अंकांत ज्या विषयाचें नांवहि सहसा निघत नाहीं, त्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. कित्येक पालकांस हें रुचणार नाहीं. मुलांच्या हातीं पडणाऱ्या अंकांत एड्स, गरमी, परमा असल्या रोगांची चर्चा कशास, असें ते विचारतील. आणि त्यांची शंका अगदींच निराधार आहे असें नाहीं. मुलांच्या मनाची निर्मळता जपावी, ही इच्छा स्तुत्यच होय. परंतु निर्मळता आणि अज्ञान हीं एक नव्हेत. विहिरीस कठडा नाहीं, हें मुलास न सांगितल्यानें त्याचें विहिरींत पडणें टळत नाहीं.

आपल्या भाषेंत या रोगांस 'गुप्तरोग' म्हणतात. समाजाची सारी वृत्ति या एका शब्दांत सांठविलेली आहे. रोग झाला तर लपवावा, घरांत बोलूं नये, वैद्याकडे जाणें भागच पडलें तर परगांवच्या वैद्याकडे अंधार पडल्यावर जावें, अशी आपली रीत. परिणाम असा होतो कीं, रोगी बरा होत नाहीं आणि रोग मात्र बिनबोभाट एकाकडून दुसऱ्याकडे जातो. शरमेनें रोग हटत नाहीं, उलट तिच्या आडोशानें तो वाढतो, हें या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

इतिहास याची साक्ष देतो. असल्या रोगांस आळा घालण्याकरितां निरनिराळ्या काळीं दोन मार्ग अवलंबिण्यांत आले. पहिला मार्ग धाकाचा. ब्रिटिश सरकारनें १८६८ सालीं हिंदुस्थानांत सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या शिपायांचें आरोग्य राखावें, हा त्यांतील मुख्य हेतु. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी होई, आणि रोग आढळल्यास त्यांस इस्पितळांत अडकवून ठेवीत. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांस मात्र कोणी विचारीत नसे. पुष्कळ स्त्रिया तपासणी चुकविण्याकरितां लपूं लागल्या, आणि रोग होता तेथेंच राहिला. इंग्लंडांतील अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफाइन बटलर या बाईंनीं अनेक वर्षें झगडा केला. ते कायदे १८८६ सालीं रद्द झाले, व दोन वर्षांनीं येथील कायदाहि गेला.

दुसरा मार्ग विश्वासाचा. १९१६ सालीं इंग्लंडांत असा नियम झाला कीं, या रोगांवरील उपचार सर्वांस फुकट मिळावा व रोग्याचें नांव बाहेर फुटूं नये. आपल्या देशांत कलकत्त्याच्या सोनागाची वस्तींत डॉ. स्मरजित जाना यांनीं १९९२ सालीं जें कार्य आरंभिलें, त्याचेंहि तत्त्व हेंच. तेथील स्त्रियांवर पहारा न बसवितां त्यांच्यांतीलच कांहींजणींस शिकवून आरोग्याचें काम त्यांजकडे सोंपविण्यांत आलें. एकटी बाई गिऱ्हाइकापाशीं निरोधाचा आग्रह धरूं शकत नव्हती. सर्वजणी एक झाल्यावर तो धरतां येऊं लागला. जेथें मनुष्यास मनुष्य म्हणून वागविलें, तेथेंच तो औषधाजवळ आला.

आपल्या महाराष्ट्रांत प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं शंभर वर्षांपूर्वीं हा विषय उघडपणें मांडला. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तकहि लिहिलें. याचें फळ म्हणून त्यांस एका मिशनरी कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, व पुढें कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. आंबेडकर यांनीं मांडली. कर्व्यांचीं सर्व मतें कोणास पटोत वा न पटोत; परंतु ज्या शिक्षणपरंपरेंत प्रस्तुत लेखकाचें शिक्षण झालें, तिनेंच त्यांस दूर लोटलें, हें येथें नमूद करणें अवश्य वाटतें.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहूं. एच्. आय्. व्ही. हा विषाणु मुख्यतः पुढील वाटांनीं शरीरांत शिरतो : बाधित व्यक्तीशीं निरोधावांचून झालेला शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि बाधित मातेकडून गर्भांत, प्रसूतीच्या वेळीं वा अंगावरच्या दुधांतून बाळास. एका बाकावर बसल्यानें, एका डब्यांतील भाकरी खाल्ल्यानें, एका माठाचें पाणी प्याल्यानें किंवा डांस चावल्यानें तो लागत नाहीं.

भारतांत हा विषाणु प्रथम १९८६ सालीं मद्रास येथें आढळला, तेव्हां त्यावर उपाय नव्हता. आज आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकार औषधें विनामूल्य देऊं लागलें. तीं रोग समूळ नाहींसा करीत नाहींत. परंतु नित्यनेमानें घेतल्यास रोगी दीर्घकाळ कामधंदा करून राहूं शकतो, आणि रक्तांतील विषाणु तपासणींत न दिसण्याइतके कमी होऊन तसेच राहिले तर शरीरसंबंधांतून दुसऱ्यास लागण होत नाहीं. औषधावांचून बाधित मातांच्या शंभर बाळांपैकीं १५ ते ४५ बाळांस लागण होते. वेळेवर औषध मिळाल्यास हें प्रमाण ५ च्याहि खालीं येतें. थायलंड देशानें मातेकडून बाळास होणारी एच्. आय्. व्ही. व गरमीची लागण जवळजवळ बंद केली, व २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तसें प्रमाणपत्र त्यास दिलें. गरमी तर पेनिसिलिननें बरी होते. मात्र कोणतेंहि औषध तपासणीनंतरच मिळतें, आणि तपासणीच्या दाराशीं शरम उभी असते.

कांहीं रोगांवर लसहि आहे. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक एच्. पी. व्ही. नामक विषाणूपासून होतो, व हा विषाणु मुख्यतः शरीरसंबंधांतून पसरतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या त्यावरील लशीस २०२२ सालीं मान्यता मिळाली. ती ९ ते १४ या वयांत देणें उत्तम. मुलीस लस टोंचली म्हणजे तिच्या वर्तनाविषयीं संशय घेतला असें नव्हे. पावसाळ्यापूर्वीं घर शाकारणें हा शहाणपणा होय. त्यांत पावसास आमंत्रण नसतें.

परंतु औषधानें जें साधतें, तें बहिष्कारानें मातींत मिळतें. २००९ सालीं लातूर जिल्ह्यांतील एका गांवीं एच्. आय्. व्ही. बाधित मुलें शाळेंत येतात म्हणून गांवकऱ्यांनीं आपलीं मुलें शाळेंत पाठविण्याचें नाकारलें. त्या लेकरांचा अपराध काय, असें आपण सहज विचारतों. पण हा प्रश्नच अपुरा आहे. दया आणि औषध हीं निरपराध्यांसाठींच राखून ठेवावयाचीं काय ? ज्याच्या हातून चूक घडली, त्यासहि औषध मिळालेंच पाहिजे. त्याच्या पत्नीचें व मुलांचें रक्षणहि त्यांतच आहे. बाधित मनुष्यास शिक्षण, नोकरी व उपचार नाकारणें आणि त्याच्या संमतीवांचून त्याचा रोग प्रकट करणें यांस २०१७ च्या कायद्यानें बंदी आहे. कायदा शाळेचें दार उघडील. मन उघडणें आपल्या हातीं आहे.

संयम व एकनिष्ठा हे उत्तम मार्ग होत, हें सांगण्यांत प्रस्तुत लेखकास मुळींच संकोच वाटत नाहीं. तथापि उपदेश हा ज्ञानाच्या जागीं बसूं शकत नाहीं. पालकहो, मुलानें प्रश्न विचारल्यास त्यास रागें भरूं नका. आपण उत्तर न दिल्यास तें दुसरा कोणी देईल, आणि तो आपल्याइतका त्याचा हितचिंतक असेलच असें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, मित्रांच्या कुजबुजीवर वा मोबाइलवरील गप्पांवर विसंबूं नका. सरकारी रुग्णालयांत एच्. आय्. व्ही. ची तपासणी विनामूल्य होते, नांव गुप्त राहतें, आणि १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

गुप्त राखावयाचें तें रोग्याचें नांव. रोगाचें ज्ञान घरोघरीं उघडें असलें पाहिजे.