कुणाच्या खाती जमा?

नाताळच्या सुट्टीत सहलीला जायचे ठरले तेव्हा बाबांनी एका कागदावर बेत लिहून काढला : एक दिवस पुणे, दोन दिवस मुंबई, आणि तेथून रेल्वेने बऱ्हाणपूरला मावशीकडे. 'मुलींनी मोठ्या शहरातली संग्रहालये पाहिलीच पाहिजेत' हा त्यांचा हट्ट. आईला समुद्र पाहायचा होता, आजीला महालक्ष्मी. मला, खरे सांगायचे तर, परीक्षेनंतर फक्त झोपायचे होते. काचेमागच्या वस्तू मी शाळेच्या सहलीतही पाहिल्या होत्या, आणि त्यांतली एकही आठवत नव्हती.

पण या खेपेस आजी बरोबर होती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती जी रमली ती बाहेर पडेना. अडकित्ते, समया, वज्र्या, पितळी डबे! शेजारच्या परक्या कुटुंबातल्या मुलांना वज्रीने पाय कसे घासतात हे ती काचेबाहेर उभी राहून करून दाखवू लागली. तिथल्या वस्तूंना पाटीची गरजच नव्हती, आजी हीच पाटी होती. आपल्या लहानग्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ केळकरांनी हे सारे जमवले. तेथे मस्तानी महालही आहे. मूळचा कोथरूडचा, तो या संग्रहालयात आणून उभा केला आहे. कुठून उचलला हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो पाहताना मनाला काही टोचत नाही.

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय पाहिले. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने बांधलेली ही घुमटाची इमारत १९२२ साली संग्रहालय म्हणून खुली झाली. तेव्हा नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचे नाव १९९८ पासूनचे. इमारत पाहूनच तिकिटाचे पैसे वसूल होतात असे बाबा म्हणाले, आणि ते खरे आहे. दगडी शिल्पांच्या दालनात आम्ही ऐहोळेच्या ब्रह्मदेवासमोर येऊन थांबलो. हुच्चप्पय्या देवळाच्या छतातली ती शिळा.

आजी म्हणाली, "ऐहोळे? म्हणजे आपल्या बदामीजवळचं? मग हा देव इथं कसा आला गं?"

याचे सोपे उत्तर असे की त्या काळी विजापूर जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि इलाख्याचे संग्रहालय मुंबईला झाले. तेच मी सांगितले. पण सांगताना दुसरेच काही आठवत होते. आठवीत असताना आमची शाळा बदामी-ऐहोळे-पट्टदकलला गेली होती. आम्ही त्या देवळांतून धावलो, डबे खाल्ले, फोटो काढले. छताकडे मी वर पाहिले असेलही, पण वरून काय गेले आहे आणि ते कुठे गेले आहे, हे कुणी सांगितले नाही. बेळगावच्या मुलीला ऐहोळेचा देव मुंबईला भेटतो, आणि ऐहोळेला त्याची रिकामी जागासुद्धा दिसत नाही, हे जरा विचित्रच.

आता मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब येणारच. जुन्या पद्धतीच्या कीर्दीत रक्कम आली की नुसते 'जमा रुपये पन्नास' असे लिहून भागत नाही. 'अमुक यांचे खाती जमा' असे लिहावे लागते. नाव नसेल तर खतावणी होत नाही, आणि खतावणी नसेल तर ताळेबंद जुळत नाही. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण ते खाते तात्पुरते असते. ते वर्षानुवर्षे तसेच राहिले तर हिशेबनीसाचे काही खरे नाही. जगातल्या बहुतेक संग्रहालयांच्या पाट्या मला अशाच अर्ध्या नोंदींसारख्या वाटतात. काय जमा झाले ते लिहिलेले असते. शतक, राजवंश, दगडाची जात, सगळे असते. कुणाच्या खाती जमा, ते नसते. कुणी दिले, विकले, उकरले, की लढाईत उचलले? त्या गावात आज त्या जागी काय आहे?

हा विचार कदाचित मुंबईतच विरून गेला असता. पण पुढे बऱ्हाणपूर होते.

भुसावळ सुटले की रावेर लागते आणि मग मध्य प्रदेशाची हद्द. बऱ्हाणपूरच्या बाजारात हिंदी, मराठी आणि उर्दू एका वाक्यात ऐकू येतात. बेळगावच्या माणसाला याचे नवल वाटत नाही, उलट घरी आल्यासारखे वाटते. मावशीच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी जामा मशीद दाखवली. फारुकी घराण्यातल्या राजा अली खानाच्या काळातली, १५९० च्या सुमाराची. आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्या खाली संस्कृत लेख, देवनागरीत, शक-संवतासह. दोन लिप्या एका भिंतीवर. हा दगड कुणी कापून एखाद्या दालनात नेला असता तर 'संस्कृत शिलालेख, सोळावे शतक' एवढीच पाटी लागली असती. मशिदीची भिंत आहे म्हणून त्याचा अर्थ आहे.

दुसऱ्या दिवशी असीरगड. इंदूरच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर उत्तरेला. सातपुड्याच्या या खिंडीतून नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरता येते, म्हणून याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. दिल्लीहून दक्षिणेत यायचे तर हा गड ओलांडून यायचे. अकबराने १६०० मध्ये वेढा घातला, तो जानेवारी १६०१ मध्ये गड ताब्यात आला. आमच्या भागाशीही याचे नाते आहे : १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने पेशव्यांना जे तोडून दिले त्यात असीरगड होता आणि विजापूरही होते. पुढे तो शिंद्यांकडे आला, आणि एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला. मराठ्यांशी झालेल्या तिसऱ्या युद्धातला हा शेवटचा मोठा वेढा.

पायथ्याच्या गावात चहाच्या टपरीवर आजी आणि मावशी बसून राहिल्या, बाकीचे वर गेलो. वाटेत खडकात कोरलेले फारसी लेख आहेत, अकबरापासून औरंगजेबापर्यंतच्या काळाचे. वर मशिदीचे दोन मिनार, पाण्याचे तलाव, महादेवाचे देऊळ, इंग्रजांच्या छपरे उडालेल्या बराकी आणि त्यांची थडगी. चार राज्ये एका पठारावर, आणि थंडीतले पिवळे गवत. कसली गर्दी नाही. काही मुलांनी मिनारावर खडूने आपली नावे लिहून ठेवली होती. माझ्या बहिणीने विचारले, "इथलं सामान कुठं गेलं?" काकांनी हात पसरले.

सामानाचे उत्तर मी नंतर शोधले. दोन वस्तूंची गोष्ट सांगते.

पहिली सोन्याची मोहर. गड घेतल्याच्या सुमारास, इलाही सन ४५ मध्ये, अकबराच्या नावाने असीरलाच ही पाडली. एका बाजूला ससाणा कोरला आहे. झडप घालून भक्ष्य पकडणारा पक्षी तो, तेव्हा त्याचा अर्थ सांगायला नको. ही मोहर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर 'जर्ब असीर', म्हणजे असीर येथे पाडलेली, असे लिहिलेले आहे. थोडक्यात, त्या नाण्याने आपली पाटी स्वतःवरच कोरून घेतली म्हणून त्याचे गाव कुणाला पुसता आले नाही.

दुसरी वस्तू याच्या उलट. मौखरी घराण्यातल्या शर्ववर्मा राजाची मुद्रा, सहाव्या शतकातली, तिच्यात त्याच्या घराण्याची वंशावळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असीरगडावर शिंद्यांच्या मालमत्तेतल्या एका पेटीत ती सापडली. तिचे ठसे घेतले गेले, ते विद्वानांकडे पोहोचले. मूळ मुद्रा मात्र नाहीशी झाली. १८८८ साली जॉन फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांचा जो मोठा ग्रंथ काढला त्यात हा लेख आहे, तो ठशांवरून. हे फ्लीट म्हणजे मुंबई सरकारचे मुलकी अधिकारी, आपल्याच कानडी मुलखात नोकरी करता करता जुने कन्नड शिलालेख गोळा करणारे आणि कानडी पोवाडे लिहून घेणारे. आपल्या कानडी विभागातल्या मित्रांना ते नाव चांगले परिचयाचे असेल.

आता या मुद्रेवरून काय झाले पाहा. मौखरी हे कनौजकडचे राजे. त्यांची मुद्रा तापीच्या काठाजवळ सापडली, तेव्हा काहींनी त्यांचे राज्य थेट इथपर्यंत आणून पोहोचवले. इतरांनी म्हटले, मुद्रा हलकी वस्तू, ती पेटीतून कुठेही जाते. तिच्यावरून राज्याची सीमा काढता येत नाही. पेटीत ती कुणी ठेवली, कुठून आणली, एवढी एक ओळ कुणी लिहून ठेवली असती तर हा वाद झालाच नसता. मला वाटते, इतिहासातली ही खरी सस्पेन्स खाती होत.

यावर कुणी म्हणेल, मग काय सगळे परत द्यायचे? तसे मी म्हणत नाही. मिनारावरची खडूची नावे मीही पाहिली आहेत. ससाण्याची मोहर असीरगडाच्या बराकीत ठेवली तर आठ दिवस टिकणार नाही. केळकरांनी गोळा केले नसते तर त्यांतल्या निम्म्या समया मोडीत वितळल्या असत्या. शिवाय दिलेली वस्तू परत आली म्हणजे हिशेब मिटला असेही नाही. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखे साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या उसनवारीवर. केवढी गर्दी झाली! त्यांच्याबरोबर ग्रँट डफचे नाव घेऊन आलेली पेटी आहे, म्हणजे ती कुणाकडून गेली ते तरी समजते. ती शिवाजी महाराजांचीच होत, याचा निर्णायक पुरावा मात्र नाही, हे ते संग्रहालयही सांगते. जेवढे लिहून ठेवले तेवढेच सिद्ध होते, बाकी श्रद्धा.

माझे मागणे अगदी लहान आहे. पाटीवर एक ओळ वाढवा : कुणाकडून, केव्हा, कशी आली. आणि जिथून वस्तू आली त्या गावात तिची नक्कल ठेवा, पितळेची, प्लास्टरची, नाहीतर नुसते छायाचित्र. ऐहोळेच्या त्या देवळात छताखाली एक फळी असावी की इथला ब्रह्मदेव मुंबईला आहे. असीरगडाच्या पायथ्याला ससाण्याचे मोठे चित्र असावे. संग्रहालयातल्या पाट्या आजीला वाचता येतील अशा भाषेत असाव्यात हे तर वेगळे सांगायलाच नको. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) ती प्रत्येक काचेपाशी मला "काय लिहिलंय?" विचारत होती आणि तेथला रखवालदार आम्हाला पुढे सरका म्हणत होता. शेवटी ती बाकावर जाऊन बसली. त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

तीच आजी असीरगडच्या टपरीवर तासभर खुशीत होती. आम्ही उतरून आलो तेव्हा टपरीवाल्या बाईने तिला अश्वत्थाम्याची सगळी हकिकत सांगून झाली होती. कपाळावरची जखम, तेल मागत फिरणे, पहाटे वरच्या महादेवाला कुणाच्याही आधी वाहिलेले ताजे फूल. ही गोष्ट खरी मानायची की नाही हा प्रश्न वेगळा. पण ती त्या जागेची होती आणि जागेवरच ऐकायला मिळाली. आम्ही वर जाऊन दगड पाहिले. आजीने खाली बसून गड पाहिला.

हे सर्व लिहिण्याचे एक घरगुती कारण आहे. आमच्या माळ्यावर पणजोबांच्या अडत दुकानाच्या कीर्दी आणि खतावण्या आहेत, मोडीत लिहिलेल्या, लाल कापडात बांधलेल्या. मागच्या वर्षी शहरातल्या एका संस्थेने त्या मागितल्या. बाबा हो म्हणाले होते, कारण वाळवी लागते आहे आणि घरात मोडी कुणाला येत नाही. मीही तेव्हा गप्प बसले. जागा मोकळी होईल एवढेच वाटले. सहलीहून आल्यावर मी बाबांना म्हटले, द्या, पण एक महिना थांबा. प्रत्येक वहीची यादी करू, फोटो काढू, कुठल्या दुकानाच्या, कुठल्या गल्लीतल्या, कुणी दिल्या हे आपल्या हाताने लिहून सोबत जोडू आणि सहीची पोच घेऊ. बाबा म्हणाले, "तुझ्या कॉलेजच्या फीचे पैसे वसूल झाले."

मोडी मला अजून अडखळतच येते, पण तक्ता पुढे ठेवून नावे तेवढी लागतात. रोज संध्याकाळी मी नाव वाचते, आजी तो माणूस सांगते : कुठे राहत असे, काय विकत असे, सून कुठली केली. एकोणीस पाने झाली. विसाव्या पानावर मोडी मजकुराखाली एक सही कानडीत आहे. ती मी सरळ वाचली तेव्हा आजी चटकन पुढे झाली. "अगं, हे तर मागच्या गल्लीतले गुळाचे व्यापारी. त्यांचा नातू तुझ्या वर्गात नाही का? बघ बघ, साडेचार रुपये राहिलेत त्यांचे."