पोरांची पट्टी

तर झालं असं, की जासईच्या आत्याचा फोन आला. आत्या तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ‘‘सव्वीस जानेवारीचं समूहगान बसवायचंय. शब्द आहेत, चाल नाही. तू पेटी शिकलायस ना? मग ये शनिवारी.’’ आत्या विचारत नाही, सांगते.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. आणि खरं सांगू? मलाही कुठेतरी पळायचंच होतं. आदल्याच दिवशी प्रमोशनची लिस्ट लागली होती आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. तीन वर्षं त्याच खुर्चीत, त्याच डेसिग्नेशनवर! राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता. फक्त सेंड दाबायचं बाकी.

जासई माहितीये ना? अटल सेतूवरून उतरलात की चिर्ले, आणि त्याच्या शेजारीच जासई. दि. बा. पाटलांचं गाव. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, तो हाच परिसर. आता रस्त्यावर बंदराकडे निघालेल्या ट्रेलरची रांग आणि कानाशी सतत हॉर्न.

मी फुल तयारीत गेलो होतो. गाण्याच्या दोन परीक्षा पास झालेला माणूस मी, साधी चाल कशी लावणार? अंतऱ्यात एक कोमल स्वर, मग थेट तार सप्तकात झेप आणि शेवटी छोटीशी तान. समोर पस्तीस पोरं. पहिली ओळ ठीक गेली. झेपेपाशी अर्धी पोरं गप्प झाली आणि उरलेली किंचाळली. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी तर रडायच्या बेताला आली. आत्या मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘अरे पोरा, तुझी हुशारी दिसली. गाणं कुठाय?’’

लागलं यार ते.

मग तिनेच पोरांना रोजची प्रार्थना म्हणायला सांगितली. ‘दो आँखें बारह हाथ’मधली. तुम्हीही शाळेत म्हटली असेलच. तीच पस्तीस पोरं, तोच वर्ग, पण आता सगळे सुरात! गेटपाशी चहा घेत उभा असलेला एक ट्रेलरवालाही ओठ हलवत होता.

‘‘ही चाल कुणाची?’’ आत्याने विचारलं.

‘‘वसंत देसाईंची.’’

‘‘मग त्यांच्याकडून शीक.’’

घरी आलो आणि रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून फक्त वसंत देसाई ऐकत बसलो. नाव माहीत होतं हो, पण माणूस माहीत नव्हता.

जन्म 1912 चा, कुडाळजवळच्या सोनवड्याचा. म्हणजे दशावताराचा मुलूख. देवळापुढे रात्रभर नाटक, साथीला पेटी, पखवाज आणि झांजा. तिथून हा मुलगा कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत शिरला. 1930 च्या ‘खूनी खंजर’मध्ये त्याने काम केलं. मजा बघा, तो मूकपट होता! ज्याच्या अंगात गाणं, त्याची सुरुवात अशा सिनेमात, जिथे आवाजच नाही. पुढे बोलपट आले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे अशा दिग्गजांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. छोट्या भूमिका केल्या, गायला, पडेल ते काम केलं. व्ही. शांतारामांनी ‘राजकमल’ काढल्यावर 1943 मध्ये ‘शकुंतला’ आला आणि संगीतकार म्हणून वसंत देसाई हे नाव झालं.

1930 ते 1943. मी बोटांवर मोजलं. तेरा वर्षं. आणि मी तिसऱ्याच वर्षी मेल टाइप करून बसलेला.

पण मला खरं अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. याच माणसाने 1955 च्या ‘झनक झनक पायल बाजे’चं शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून गाऊन घेतलं. 1959 च्या ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई घेतली. 1966 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या, तेव्हा कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेल्या संस्कृत प्रार्थनेची चाल यांचीच होती. म्हणजे अवघड येत नव्हतं, असं बिलकूल नाही, बॉस!

आणि तरीही 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रार्थना करताना त्यांनी हुशारी बाजूला ठेवली. गोष्टीत आहेत सहा खुनी कैदी आणि एक जेलर. ते काही ताना घेणार नाहीत. श्वास कुठे घ्यायचा हे शिकवावं न लागता कळेल, अशीच चाल हवी. 1971 च्या ‘गुड्डी’त वाणी जयराम यांच्याकडून मियाँ मल्हारातलं गाणं गाऊन घेतलं, आणि त्याच सिनेमात शाळेच्या असेंब्लीसाठी दुसरी एक प्रार्थना दिली. तीही देशभर शाळांमध्ये गेली. ‘छोटा जवान’ (1963) मधलं त्यांचं समरगीतही असंच पोरांच्या तोंडी बसलं. हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावायचे कार्यक्रमही त्यांनी केले. ज्याचा गळा, त्याची चाल. एवढा साधा हिशेब.

22 डिसेंबर 1975 ला लिफ्टच्या अपघातात ते गेले. हिट संगीतकारांची नावं घेताना शंकर-जयकिशन, नौशाद पटापट आठवतात. देसाई जरा मागाहून आठवतात. रोज सकाळी त्यांची चाल म्हणणाऱ्या पोरांना तर ते नाव कुणी सांगतही नाही. पण चाल अडलीये का कुठे?

पुढच्या शनिवारी पुन्हा जासई. या वेळी पेटी उघडली आणि आधी पोरांना म्हटलं, तुम्हीच काहीतरी गा. त्यांची पट्टी शोधली. गेल्या वेळी मी माझ्याच पट्टीत वाजवत सुटलो होतो, हे तेव्हा कळलं. मग तान काढली. झेप काढली. कोमल स्वर काढताना जरा जीवावर आलं, पण तोही काढला. उरलं ते पोरांनी वीस मिनिटांत उचललं. ती रडवेली चिमुरडी सगळ्यात मोठ्याने गात होती.

सव्वीस जानेवारीला गाणं मस्त झालं. टाळ्या पडल्या. आभार मानताना मंडपवाल्याचं, लाडूवाल्याचं, सगळ्यांची नावं आली. माझं घ्यायचं आत्या चक्क विसरली! चूक लक्षात आल्यावर तिने जीभ चावली आणि एक लाडू जास्त दिला.

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. पाठवला नाहीये, आणि डिलीटही केलेला नाही. बघू.

निघताना गेटपाशी चहा घ्यायला थांबलो. चहावाला ग्लास विसळता विसळता काहीतरी गुणगुणत होता. नीट कान दिला. माझी चाल! अंतरा साफ चुकत होता. मी काही बोललो नाही.