आधी डायल, मग दांडा

सरळगावच्या एका गॅरेजवाल्या वाचकाचा गेल्या महिन्यात फोन आला. ‘शेव्हरलेची जुनी पिकअप आलीय. स्टेअरिंगवरचा गिअर काढून खाली दांडा करून पाहिजे म्हणतात. पत्र्याला भोक नेमकं कुठं पाडू?’ मी विचारलं, गिअरबॉक्स कुठे आहे? म्हणाला, ‘तो उद्या कुर्ल्याहून यायचाय.’

नवरी अजून पाहिलेली नाही आणि मांडवाचे खांब रोवायला घेतले! त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण शहापूर-मुरबाड पट्ट्यात हे काम वाढलं आहे. मुंबईकरांची फार्महाउसं वाढली तशा अंगणात उभ्या करायला जुन्या गाड्या आल्या. आता त्या नुसत्या उभ्या राहत नाहीत, मालकांना त्या घेऊन माळशेजला जायचं असतं.

ह्या गाड्या आपल्याला परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४मध्ये तो बंद केला. त्या काळातल्या शेव्हरलेची ओळख जुन्या वस्तादांना सांगावी लागत नाही. अर्ध्या टनाची ‘३१००’ ही त्यातली सगळ्यांची लाडकी. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तीन गिअर आणि दांडा स्टेअरिंगवर. गंमत अशी की १९४७च्या गाडीत दांडा खालीच होता, १९४८पासून तो वर गेला. तेव्हा खाली दांडा मागणारा मालक काही पाप करत नाही. पण तो का मागतो आहे, हे आधी विचारून घ्या.

दहातले निम्मे मालक दांडा मागतात ते गिअर अडकतो म्हणून. स्टेअरिंग कॉलमच्या खालच्या टोकाला दोन छोटे लिव्हर असतात, तिथून दोन रॉड बॉक्सच्या बाजूच्या झाकणाकडे जातात. एक रॉड पहिल्याचा आणि रिव्हर्सचा, दुसरा बाकीच्या दोन गिअरचा. बुश झिजले, खाच रुंद झाली, की एकाला हलवताना दुसराही थोडा सरकतो आणि सगळंच जाम होतं. फियाट टॅक्सी आणि अँबॅसिडर चालवलेल्यांना हे दुखणं तोंडपाठ आहे. भर रस्त्यात बॉनेट उघडून रॉडला हिसका देणारा ड्रायव्हर कोणी पाहिला नाही? ह्यावरचा उपाय चार बुश, थोडं वेल्डिंग आणि कानस, दुपारभराचं काम. बुश बदलून गाडी मालकाला चालवायला द्या. त्यानंतरही दांडा हवाच म्हणाला तर पुढचं काम घ्या. त्यात कमाई कमी आहे, मान्य. पण तोच मालक पुढच्या वर्षी आपल्याकडेच येतो.

दुसरी गैरसमजूत वेगाची. ‘चार गिअर टाकले की गाडी पळेल’ असं मालक मनाशी धरून येतो. पळणार नाही. चार गिअरच्या जुन्या ट्रक बॉक्सचा चौथा गिअर एकास एकच असतो, तीनवाल्याचा तिसराही तसाच. हायवेला इंजिन तितकंच ओरडणार. फरक पडतो तो खालच्या बाजूला. तीनवाल्याचा पहिला गिअर साधारण ३ला १, त्या चारवाल्याचा जवळपास ७ला १. ह्या पिकअपचं मागचं हौसिंग ४.११चं असतं. गुणून बघा, एकीकडे १२ येतात आणि दुसरीकडे २९च्या आसपास. भरलेली गाडी कसारा घाटात थांबवून पुन्हा उचलायची तर हा फरक क्लच प्लेटच्या वासावरून कळतो. म्हणून मालकाला आधीच सांगून टाका: हा घाटाचा गिअर आहे, शर्यतीचा नाही. पहिल्याला सिंक्रोही नाही, तो सपाटीवर उगाच घालायचा नसतो.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. मी आसनगावला गॅरेज चालवत होतो तेव्हाची गोष्ट. अशीच एक पिकअप आली होती, मुरबाडच्या आतल्या गावातून, हौद्यात अजून पेंढ्याच्या काड्या. भंगारातून चार गिअरचा बॉक्स मिळवला, तीन टनी ट्रकचा. समोरून बघितला, बेष्ट. गाडीखाली नेऊन जॅकवर चढवला आणि मग पोराने विचारलं, ‘शेट, ह्याची शेपटी वेगळी का?’

ह्या अर्ध्या टनी पिकअपला उघडा जॉइंट शाफ्ट नसतो. शाफ्ट एका बंद नळीत असतो, पुढे बॉक्सच्या मागे भोपळ्यासारखं गोल हौसिंग, आत एकच क्रॉस. मागची चाकं गाडीला जो रेटा देतात तो ह्या नळीतून बॉक्सवर आणि त्याच्या माउंटिंगवर येतो. मोठ्या ट्रकला शाफ्ट उघडा. म्हणजे बॉक्स तोंडाने सारखा असला तरी शेपटीने वेगळा. तो लावायचा तर मागचं हौसिंगही बदलावं लागतं, आणि हौसिंग बदललं की चाकाचे बोल्ट, ट्रॅकची रुंदी, ब्रेक, हँडब्रेकची केबल, सगळी वरात मागे येते. एका ठिकाणी मी नळी कापून त्यावर जॉइंट वेल्ड केलेला पाहिला आहे. त्या गाडीत बसायला मला कोणी पैसे दिले तरी मी बसणार नाही. माझा पहिला बॉक्स मी परत केला. नळीवाल्या शेपटीचा दुसरा मिळेपर्यंत पिकअप चिंचेखाली उभी राहिली आणि कोंबड्यांनी तिच्या केबिनमध्ये अंडी घातली.

दुसरा बॉक्स बेल हौसिंगसकट मिळाला. मी खूश. दोन्ही एकत्र आलेत म्हणजे जुळलेलेच असणार, असं समजून तसाच चढवला. मालक गाडी घेऊन गेला आणि आठवड्याने परत आला. कल्याणच्या रस्त्याला रायत्याच्या पुलाकडे उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की चौथा गिअर आपोआप बाहेर. बॉक्स उतरवला, गोळी आणि स्प्रिंग बदलली. पुन्हा तेच. पुन्हा उतरवला, सिंक्रो रिंग बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उतरवताना एक म्हातारे वस्ताद सहज चहाला आले होते. त्यांनी बॉक्सकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘डायल लावलास?’

नव्हता लावला. फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा बेस चिकटवला, डायलची सुई बेल हौसिंगच्या मधल्या मोठ्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवली, प्लग काढून इंजिन हळूहळू हाताने फिरवलं. सुई २२ थाऊ, म्हणजे इंचाचे २२ हजारांश, फिरली. भोक क्रँकच्या मध्यापासून ह्याच्या निम्मं सरकलेलं असतं, म्हणजे ११ थाऊ. चालतं किती? ५ थाऊ, वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढं. बेल हौसिंग कारखान्यात एका विशिष्ट ब्लॉकवर जुळवलेलं असतं, दुसऱ्या ब्लॉकवर गेलं की ते पाहुणं असतं. क्लच शाफ्टचं पुढचं नाक क्रँकमधल्या पायलट बुशमध्ये असतं आणि मागचा भाग बॉक्सच्या बेअरिंगमध्ये. दोन्ही एका रेषेत नसले की शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकडा ओढला जातो. सरळ जोडणीच्या गिअरला, म्हणजे इथे चौथ्याला, ते सहन होत नाही, तो निसटतो. आपण बॉक्सला शिव्या घालत राहतो.

मग जुने डॉवेल काढले. बोल्ट अर्धवट आवळून, बेल हौसिंगला लाकडी हातोड्याने टिचक्या मारत, डायल बघत ते मध्यावर आणलं. आवळल्यावर पुन्हा मोजलं, रीमर मारून नवे डॉवेल बसवले. भोकाबरोबर मागची सपाट बाजूही डायलने तपासली, कारण तोंड तिरकं असलं तरी दुखणं तेच. सकाळी दहाला धरलेलं काम संध्याकाळी दिवे लागताना संपलं. चौथा गिअर पुन्हा सुटला नाही. डायलसाठी जेवढे पैसे लागले त्याहून जास्त मी दोन वेळा बॉक्स उतरवण्यात घालवले होते.

बॉक्स चढवताना बोल्ट आवळून त्याला ओढून आत घेण्याची सवय सोडा. शाफ्ट जात नसेल तर एकतर क्लच प्लेट मध्यावर नाही, नाहीतर तिचे दाते वेगळे आहेत, नाहीतर नाक बुशमध्ये तळाला टेकतं आहे. शेवटची शंका असेल तर क्रँकच्या भोकात मेणाचा गोळा ठेवून एकदा बॉक्स हाताने लावून बघा, मेण चपटं झालं की कळेल. ओढून बसवलात तर कास्टिंगचा कान तुटतो. तेव्हा नाही तुटला तर महिन्याभराने तुटतो.

महिंद्राच्या जुन्या जीपवरून बनलेल्या पिकअप आपल्याकडे जास्त, त्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांना दांडा मुळातच खाली, प्रश्न असतो तीन गिअरचा टी-नव्वद काढून चार गिअरचा घालण्याचा. पेजोचं डिझेल इंजिन महिंद्रा कसारा घाटाच्या पलीकडेच इगतपुरीला बनवत असे, त्यामुळे तो माल ह्या भागात मुबलक. तिथे मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जुन्या विलीस जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. बॉक्सबरोबर तो भाग बदललात तर हँडब्रेक गेला, तो दुसरीकडून उभा केल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाऊ देऊ नका. आणि शाफ्ट उघडा असल्यामुळे कोन मोजा. बॉक्सच्या शेपटीचा कोन आणि मागच्या पिनियनचा कोन एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. क्रॉस वाकड्यात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही योक एका रांगेत असले तर एकाचा झटका दुसरा खातो. नसले तर चाळीसच्या पुढे गाडी गुणगुणायला लागते आणि मालक म्हणतो टायर बॅलन्स करा. कोन मोजायला मोबाइल पुरतो. माउंटिंगखाली पातळ पट्टी सारून तो दुरुस्तही होतो.

बॉक्स उघडलाच असेल तर इंटरलॉकची पिन मोजून ठेवा. ज्वारीच्या कणसातल्या दाण्याहून थोडी मोठी, ग्रीसच्या बोटाला चिकटून कापडात जाणारी. दोन रेलच्या मध्ये ती बसते आणि एका वेळी एकच रेल हलू देते. ती विसरलात तर बॉक्स बंद होतो, गिअर पडतात, ट्रायलही होते. मग एखाद्या चढावर घाईत दोन गिअर एकदम पडतात आणि मागची चाकं दगड होतात.

ऑइलबद्दल वाद नको. पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या बॉक्सला जीएल-४चं नव्वद घाला. दुकानदार ‘हे भारीतलं’ म्हणून जीएल-५ देतो, त्यातली रसायनं पितळ खाऊ शकतात.

आता कागद. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची गाडी आणि चॅसी, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा फेरबदल नसलेली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही, रॅली-प्रदर्शनापुरती काढायची. ह्या व्याख्येत गिअरबॉक्सचं नाव नाही, पण चॅसीचं आहे. म्हणजे बॉक्स जागी बसत नाही म्हणून क्रॉस मेंबर गॅसकटरने उडवणारा मिस्त्री मालकाच्या नोंदणीवरच कटर चालवतो. व्हिंटेजमध्ये न जाणाऱ्या गाड्यांनाही फेरबदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला आहे. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर काम घेण्याआधी आरसी घेऊन मालकालाच आरटीओत पाठवा. आपण मात्र एक नियम पाळू: माउंटिंगचा ब्रॅकेट वेगळा बनवायचा, असलेल्या भोकांत बोल्टने बसवायचा, चॅसीला ना कटर ना वेल्डिंग.

एवढं सगळं झालं की सरळगावच्या मित्राचं भोक. बॉक्स जागी, माउंटिंग आवळलेलं, मागचं हौसिंग जोडलेलं. मग पुठ्ठा घ्या, दांडा येतो तिथे फाडा, सगळे गिअर फिरवून कडा वाढवत जा. सीट बसवून बघा, मालकालाच बसवा. दुसऱ्या आणि चौथ्याला दांडा मागे येतो तेव्हा सीटच्या कडेला कोपर अडतं का, पहिल्या-तिसऱ्याला मूठ डॅशबोर्डला लागते का. लागत असेल तर दांडा गरम करून वाकवा, पत्रा मोठा कापू नका. पुठ्ठा पटला की तोच पत्र्यावर. भोकावर बोल्टचं झाकण करा, वेल्ड नको, आणि त्यावर जाड रबराचं बूट, खालून सीलंट लावून.

हे बूट आपल्याकडे शोभेचं नाही. भातलावणीच्या दिवसांत डोळखांब, टोकावडेकडच्या फरशीवरून पाणी वाहत असतं आणि गाड्या त्यातूनच जातात. बॉक्सचा ब्रीदर नळी लावून वर केबिनजवळ न्या. गरम बॉक्स पाण्यात थंड झाला की ब्रीदरमधून पाणी ओढतो. गणपतीनंतर ड्रेन बोल्ट उघडून ऑइल बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजा.

काढलेले रॉड, लिव्हर, कॉलमची खाच, बाजूच्या झाकणाचा तीन गिअरचा बॉक्स, सगळं ग्रीस लावून गोणपाटात बांधा, वर चॉकने गाडीचा नंबर लिहा आणि मालकाकडून सही घेऊन त्याच्या ताब्यात द्या. माझ्या त्या पिकअपचं गाठोडं अजून मुरबाडच्या गोठ्यात आढ्याला टांगलेलं आहे.