रिंगणाबाहेरचा डोळा

आषाढीची वाट सुरू झाली की वारकऱ्यांच्या मागोमाग छायाचित्रकारांचीही एक दिंडी निघते. गळ्यात तुळशीमाळेऐवजी कॅमेरा, एवढाच भेद! या दिंडीविषयीच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतील बऱ्याच रास्त आहेत. गोल रिंगणात माउलींचा अश्व धावू लागला की चांगल्या चित्राच्या लोभाने कडे मोडून आत शिरणारे महाभाग निघतातच. ज्या मातीला वारकरी कपाळी लावतात, ती बुटांनी तुडविताना त्यांना काही वाटत नाही.

अशा हौशी मंडळींनी एकच लांब पल्ल्याचे झूम भिंग बाळगावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जाणकार या भिंगांना नाके मुरडतात, मुरडोत बापडे. टॅमरॉनने २०१७ साली आणलेले १८-४०० मिलिमीटरचे भिंग पाहा. ते लहान संवेदकाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीच घडविलेले आहे. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यात चौकट दीडपट आवळली जाते. म्हणून ४००चे टोक जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरील ६००च्या भिंगाइतके दूरचे टिपते. वजन मात्र पाऊण किलोच्या आत. दिवेघाटात एका टोकाने पताकांचा अवघा ओघ घ्यावा, दुसऱ्या टोकाने डोईवरच्या वृंदावनातील तुळस. वाटेत भिंग बदलावे लागत नसल्याने धूळ आणि आषाढसरी संवेदकापर्यंत पोहोचत नाहीत. मुख्य म्हणजे, रिंगणाच्या बाहेर राहूनही अश्वाची आयाळ दिसते.

उणीव आहे, ती प्रकाशाची. १८ला छिद्र ३.५पर्यंत उघडते, ४००ला केवळ ६.३पर्यंत; म्हणजे उजेड तिपटीहून कमी. मंद समयांच्या गाभाऱ्यात त्यातून फारसे साधत नाही. तेथे फ्लॅश उडविण्यापेक्षा कॅमेरा पिशवीत घालून हात जोडलेले बरे.

दुसरा धोका भिंगात नाही, ते धरणाऱ्यात आहे. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या मायबहिणी त्याला दुरून दिसतात, त्यांना मात्र तो दिसत नाही. रिंगणात न शिरण्याची मर्यादा पाळणाऱ्याने येथे नजरेचीही मर्यादा पाळावयास हवी. अशा वेळी तेच भिंग फिरवून १८वर आणावे. वाळवंट, नावा, पताका, सारी गर्दी त्यात मावते आणि ओल्या पदराची माउली कोण, हे कोणास ओळखू येत नाही.